मल्लेश्वरमची मागची गल्ली

बारा वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळुरूला आलो आणि मल्लेश्वरममध्ये एका जुन्या घराच्या माडीवर भाड्याने राहू लागलो. इथल्या संपिगे रोडवर रिक्षांचे हॉर्न काही थांबत नाहीत, पण आतल्या एखाद्या क्रॉसला वळलात की दुपारी चिटपाखरू नसतं. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. पलीकडचा मार्गोसा रोड म्हणजे कडुनिंबाचा रस्ता. भाव विचारू नका, ऐकून घाम फुटेल.

ही शांतता प्लेगने दिली. १८९६ साली मुंबईत आलेली साथ हुबळीहून रेल्वेने ऑगस्ट १८९८ मध्ये बेंगळुरूत पोचली. जुनी पेठ दाटीवाटीची; तिथे माणसं पटापट गेली. उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी वसवायचा विचार आधीपासून होता, साथीने त्याला घाई केली. सरळ रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा, हवा, उजेड. प्लॉटही जातवार विभाग पाडून दिले गेले, हे मात्र कौतुकाने सांगितलं जात नाही.

आणि घरांच्या मागे एक अरुंद गल्ली. मला वाटायचं, स्कूटर लावायला ठेवली असेल. मुंबईच्या चाळीत राहिलेल्यांना घरगल्ली आठवेल, तसलाच प्रकार. मैला उचलणाऱ्याने पुढच्या दारी येऊ नये, मागूनच यावं आणि मागूनच जावं, म्हणून आखलेली.

गावाकडचे पाहुणे आले की मी त्यांना काडु मल्लेश्वराला नेतो. काडु म्हणजे रान. तिथल्या १६६९ च्या शिलालेखात, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर, त्यामुळे पाहुण्यांची छाती फुगते, फोटो निघतात. येताना मी मुद्दाम मागच्या गल्लीतून आणतो. तिथे फोटो कोणी काढत नाही.

आमच्या घरमालकीण अज्जी आता अठ्ठ्याऐंशीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा एक बाई रोज सकाळी टोपली घेऊन त्या गल्लीतून यायची. सासूबाई वरून पाणी ओतायच्या, दार अज्जी उघडायच्या. ‘किती वर्षं यायची?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सात-आठ असतील.’

‘नाव काय तिचं?’

अज्जी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘विचारलंच नाही रे.’

गेल्या महिन्यात बिल्डरची माणसं टेप घेऊन आली होती. मुलांनी घर द्यायचं ठरवलंय. त्यांनी पुढचं अंगण मोजलं, बाजूची जागा मोजली, मग मागच्या दाराशी अडले. कुलूप गंजलेलं. त्यांनी किल्ली मागितली, तेव्हा अज्जींनी अख्खा जुडगा त्यांच्यापुढे ठेवला. त्यातली एकही लागली नाही.