विंचवाचं बिऱ्हाड आणि मांजरीचं घर

कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो, युटा, नेवाडा हा अमेरिकेचा पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख. तिथे मोटरहोम घेऊन, सोबत मांजरी घेऊन हिंडणं हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय होऊ शकतो का? आम्हाला वाटतं, होऊ शकतो. कारण या प्रवासात एक जुना प्रश्न बसलेला आहे. घर कशाला म्हणायचं? आमचा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा, त्यामुळे असा प्रश्न दिसला की पाय अडकतो. पण आज व्याख्या करत बसायचं नाही. या प्रश्नाने त्या मुलखात माणसांचं काय केलं, ते पाहायचं आहे.

मोटरहोम म्हणजे लहानमोठ्या बससारखी गाडी. आत पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी, संडास, पाण्याची टाकी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं.

१९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आपला प्रश्न अगदी सरळ येऊन उभा राहिला. सॅन डिएगो शहरात एका आवारात एक छोटं मोटरहोम उभं होतं, खिडक्यांचे पडदे ओढलेले. आत अमली पदार्थांचा व्यवहार चालतो अशी खबर होती. अधिकारी वॉरंटशिवाय आत शिरले आणि त्यांना गांजा सापडला. हाच तो ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ खटला. आता बघा, घराची झडती घ्यायची तर वॉरंट लागतं. गाडीला बऱ्याचदा लागत नाही, कारण वॉरंट येईपर्यंत गाडी निघून जाऊ शकते. मग हे काय होतं? सहा न्यायमूर्ती म्हणाले, गाडी. तिघांनी भिन्नमत नोंदवलं. बहुमतानेही एका तळटीपेत दार किलकिलं ठेवलं : मोटरहोम ठोकळ्यांवर चढवलेलं असेल, वीज-पाणी जोडलेलं असेल, तर काय, हे आम्ही आज ठरवत नाही. म्हणजे नळ जोडला की घर, काढला की गाडी! आमचं मत विचाराल तर आम्ही त्या तिघांच्या बाजूचे.

पण न्यायालयाला दोष देऊन भागत नाही. घर म्हणजे न हलणारी वस्तू, ही समजूत त्या देशात फार खोल गेलेली आहे. १८६२चा होमस्टेड कायदा घ्या. १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची. अट काय? पाच वर्षं तिथे राहा, घर बांधा, कसून दाखवा. जो एका जागी थांबेल त्याची जमीन. आता जमिनीसाठी घर दाखवायचं म्हटल्यावर माणसं काय करतील? चाकांवरचं लहानसं घर भाड्याने आणायचं, आपल्या तुकड्यावर उभं करायचं, साक्षीदारांकडून ‘होय, इथे घर आहे’ अशी शपथ वाहवून घ्यायची आणि मग ते घर पुढच्या माणसाच्या तुकड्यावर ओढत न्यायचं. असे प्रकार इतिहासकारांनी नोंदवले आहेत. चाकांवरच्या घराने तिथल्या कायद्याला पहिली टोपी घातली ती अशी.

आणि जे खरोखर फिरत जगत होते, त्यांचं काय झालं? १८७२ साली यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झालं. पाचच वर्षांनी, १८७७च्या उन्हाळ्यात, नेझ पर्स लोकांच्या काही टोळ्या सैन्याचा पाठलाग चुकवत त्या उद्यानातून गेल्या. स्वतःला ते निमीपू म्हणतात. बायका, मुलं, म्हातारी माणसं धरून सुमारे ८०० जण आणि हजारो घोडे. ऋतूप्रमाणे फिरणारा हा समाज, त्याला ठरवून दिलेल्या राखीव प्रदेशात जाऊन राहा म्हणून हुकूम झाला होता. यलोस्टोनमध्ये त्यांची गाठ कोणाशी पडावी? तंबू ठोकून सहलीला आलेल्या पर्यटकांशी! त्यांनी त्यातल्या काहींना पकडलं, चकमकी झाल्या, माणसं मेली. पुढे ५ ऑक्टोबरला, कॅनडाची हद्द ४० मैलांवर असताना, थंडीत त्यांना शरण यावं लागलं. त्या भेटीचा विचार आम्ही पुष्कळदा करतो. एकाच दरीत दोन मुक्काम. एकाच्या फिरण्याला सहल म्हणायचं, दुसऱ्याच्या फिरण्याला बंड.

मोटरहोमची वंशावळ सांगताना लोक श्रीमंतांच्या गाड्यांपासून सुरुवात करतात. १९१० साली न्यूयॉर्कला पिअर्स-ॲरो कंपनीची एक गाडी प्रदर्शनात होती, मागची सीट उलगडली की बिछाना व्हायचा, वगैरे. पण डोंगराळ पश्चिमेतला या घराचा खरा पूर्वज आमच्या मते मेंढपाळाची गाडी आहे. वायोमिंगमधल्या रॉलिन्स गावच्या जेम्स कँडलिश नावाच्या लोहाराला तिचं श्रेय देतात, साल १८८४. वरती कॅनव्हासचं छत. दाराशेजारी चूल. मागच्या बाजूला आडवा पलंग, पलंगाखालून ओढून बाहेर येणारं टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, त्यांच्या खाली सामान. आजच्या कुठल्याही लहान मोटरहोममध्ये डोकवा, मांडणी तीच! आपल्याकडचे मेंढपाळ धनगर घोड्यावर संसार लादून कोकणात उतरतात आणि परत घाटावर चढतात. त्यांना घर नाही असं म्हणायचं धाडस कोणी करू नये. वायोमिंगच्या कुरणांवर अशा गाड्या आजही दिसतात. आत राहणारा मेंढपाळ बहुतेक वेळा पेरू देशातून तात्पुरत्या व्हिसावर आलेला असतो.

पुढचं झटपट सांगून टाकू. १९१५ साली यलोस्टोनमध्ये मोटारींना प्रवेश मिळाला. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग सुरू झाले. १९६१ साली मिशिगनमधल्या रेमंड फ्रँक यांनी मोटरहोमचं उत्पादन सुरू केलं आणि १९६६ला आयोवाच्या विनेबागो कंपनीने ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणलं. ‘विनेबागो’ हेही एका मूळनिवासी समाजाला दिलेलं नाव आहे. त्या समाजाला एकापाठोपाठ एक अशा अनेक प्रदेशांतून हलवलं गेलं होतं. गाडीला हेच नाव मिळावं, याला काय म्हणावं!

आता मांजरींकडे येऊ.

१९६० साली जॉन स्टाइनबेक ट्रकवर बांधलेलं घर घेऊन अमेरिकाभर फिरले, सोबत चार्ली नावाचा कुत्रा. पुस्तक प्रसिद्ध आहे. प्रश्न असा, की कुत्राच का? आपल्याकडे म्हणतात, कुत्रा माणसाचा, मांजर घराचं. माणूस गेला तरी मांजर त्याच भिंतीला धरून राहतं. पिल्लांना सात घरं फिरवतं खरं, पण ती सातही घरं त्याच आळीतली. अशा प्राण्याला घेऊन हजार मैल जायचं ही कल्पना जुन्या माणसांना वेडेपणाची वाटली असती. शिवाय एक साधी अडचण होती. मांजर विधीसाठी अंगणात जाई. घरात ठेवायचं तर पेटीत राख किंवा वाळू. राखेचे पाय घरभर.

१९४७च्या जानेवारीत मिशिगनमध्ये वाळू गोठून गेली, म्हणून एक शेजारीण एड लोव या तरुणाकडे वाळू मागायला आली. त्याने वडिलांच्या धंद्यातली, कारखान्यात सांडलेलं तेल टिपायला वापरतात ती माती दिली. इंग्रजीतली ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे आपली मुलतानी माती हो! ती वास धरून ठेवते, पायाला फार चिकटत नाही. त्यातून ‘किटी लिटर’ नावाचा धंदा उभा राहिला. मांजर कायमचं घरात राहू शकतं हे त्या मातीने शक्य केलं, आणि जे मांजर घरात राहू शकतं तेच गाडीत राहू शकतं. महामार्ग, मोटरहोम आणि माती या तीन गोष्टी वीस वर्षांत जमून आल्या. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या दोन सापडतात.

१९८०च्या दशकात त्यात सुधारणा झाली. बेंटोनाइट नावाची माती आली, ओली झाली की तिचा गोळा होतो आणि तेवढाच उचलून टाकता येतो. हे बेंटोनाइट मुख्यतः येतं कुठून? वायोमिंगमधून! कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, ज्वालामुखींची राख त्यात पडली, तिची ही माती झाली. तिचं नावसुद्धा तिथल्याच ‘बेंटन शेल’ या खडकावरून पडलं, १८९८ साली. मुलीच्या दोन मांजरी घेऊन आम्ही वायोमिंगमधून गेलो तेव्हा पाऊस लागला आणि एका कच्च्या रस्त्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तीच माती, भिजून फुगलेली. आत मांजरींच्या पेटीत जी माती होती तीच बाहेर आम्हाला धरून बसली होती. रस्ता वाळेपर्यंत थांबलो. मांजरींची काही तक्रार नव्हती.

त्याच प्रवासात एक गोष्ट लक्षात आली. पहिले दोन दिवस दोघी सीटखाली दडून होत्या. अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून जाताना कानात दडे बसले तेव्हा एक जण आर्तपणे ओरडली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाचे कोपरे, पलंगाचा पाय, ड्रायव्हरची सीट, सगळीकडे गाल घासून घेतले. मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात, जागा आपली केल्याची ती खूण. त्यानंतर बाहेर पर्वत बदलोत, नद्या बदलोत, त्या खिडकीत शांत. मांजर घराला धरून असतं ही म्हण खोटी ठरली नाही. फक्त घर जमिनीला चिकटलेलं असतं, हा आपणच मागाहून जोडलेला भाग निघाला. श्रीवैष्णवांच्या वादात मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष आहेत. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, मांजराचं पिल्लू स्वतः काही करत नाही, आईच उचलून नेते. मोटरहोममधलं मांजर दुसऱ्या पक्षाचं म्हणायचं.

पण तिथे मांजराला मोकळं सोडता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांत पाळीव प्राण्याला दोरी लागते, जास्तीत जास्त सहा फुटांची, आणि बहुतेक पायवाटा त्याला बंदच. कोल्ह्याच्या जातीचे कायोटी असतात, मोठी घुबडं असतात. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. प्रेअरी डॉग नावाच्या, बिळांत वसाहत करून राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्यांजवळ कधीकधी पाट्या दिसतात : सावधान, प्लेग. हो, तोच प्लेग. १८९४ला हाँगकाँग, १८९६ला मुंबईची मांडवी, जिथे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, १८९७ला पुणे, रँड आणि चापेकर बंधू. हीच साथ जहाजांवरच्या उंदरांबरोबर १९००मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. तिथून ती खारींत आणि प्रेअरी डॉगमध्ये शिरली आणि डोंगराळ पश्चिमेत कायमची वस्तीला राहिली. आजही अमेरिकेत वर्षाला सरासरी सातेक माणसांना प्लेग होतो. वेळीच प्रतिजैविकं मिळाली तर तो बरा होतो. मांजरांना मात्र तो फार लवकर लागतो, पिसवांमुळे किंवा उंदीर खाल्ल्याने, आणि त्यांच्यापासून माणसाला. गंमत पाहा, १९०८च्या सुमारास भारतीय वैद्यकीय सेवेतले बुकॅनन नावाचे अधिकारी लिहीत होते की गावोगाव मांजरी पाळा, प्लेग अडेल. उंदीर मारणारा प्राणी म्हणून इथे ती उपाय होती, तिथे त्याच कारणाने ती धोका आहे. प्लेग फिरत राहिला, त्याला कोणी वॉरंट विचारलं नाही.

शेवटी पुन्हा जमिनीकडे. १९७६ साली एका कायद्याने होमस्टेडचं युग संपवलं, अलास्कापुरती दहा वर्षांची सवड ठेवून. उरलेली सार्वजनिक जमीन सरकारकडेच राहील असं ठरलं. नेवाडाची तर सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. या जमिनीच्या बऱ्याचशा भागावर कोणीही मोटरहोम उभं करून फुकट राहू शकतो, पण साधारण १४ दिवस. मग हलायचं. १८६२चा कायदा सांगत होता, थांबलास तर जमीन तुझी. आता नियम सांगतो, थांबू नकोस.

आमच्यासारख्या पाहुण्यांना १४ दिवस भरपूर. परतीचं तिकीट खिशात होतं. पण त्याच मोकळ्या माळावर अशीही मोटरहोम असतात, ज्यांच्या मालकांना दुसरं घर नाही. स्कीच्या गावांमध्ये काम करणारे, पण तिथलं भाडं न परवडणारे. निवृत्तिवेतनात भागत नाही म्हणून हंगामी कामामागे फिरणारे म्हातारे. जेसिका ब्रुडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७च्या पुस्तकात ही माणसं भेटतात. त्यांच्यातल्या कित्येकांजवळ एखादं मांजर किंवा कुत्रं असतं. पंधराव्या दिवशी त्यांनी गाडी हलवायची ती कुठे, हे १४ दिवसांचा नियम सांगत नाही. आणि पडदे ओढून ती झोपलेली असताना कोणी दार ठोठावलं, तर ते घराचं दार की गाडीचं, याचं उत्तर अजून त्या तळटीपेतच पडून आहे.

वेळ झालेली आहे. कोणाला काही विचारायचं असेल तर घेऊ.