विच्छा माझी पुरी करा : प्रतिसाद आणि वारसा

विच्छा माझी पुरी करा हे वसंत सबनीस यांनी लिहिलेले मराठी लोकनाट्य आहे. 'छपरी पलंगाचा वग' हे त्याचे मूळ नाव. 1965च्या सुमारास दादा कोंडके यांनी ते नव्या नावाने रंगभूमीवर आणले आणि पुढील दहा वर्षांत त्याचे 1500हून अधिक प्रयोग झाले. तमाशाच्या चौकटीत राहून तमाशाचीच थट्टा करणारी आणि त्या थट्टेच्या आडून सत्तेवर टीका करणारी कलाकृती म्हणून ते ओळखले जाते.

कथानक साधे आहे. कोतवालाच्या रिकाम्या जागेवर आपली नेमणूक होईल या आशेवर हवालदार असतो. प्रधान मात्र ती जागा आपल्या मेहुण्याला देतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग चोरण्याच्या मोहात पाडतात.

प्रतिसाद

या लोकनाट्याच्या मूल्यमापनात आरंभापासून एक अडचण राहिली आहे. छापील संहिता आणि रंगमंचावरील प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कोंडके हवालदाराच्या भूमिकेत त्या त्या दिवसाच्या घडामोडींवर आयत्या वेळी शेरे मारीत, त्यामुळे एक प्रयोग दुसऱ्यासारखा होत नसे. पुस्तक वाचून मत बनवणाऱ्याच्या हाती सबनिसांची नेटकी, मोजकी विनोदी रचना येते. प्रयोगाला हसलेला प्रेक्षक मुख्यतः कोंडके यांनाच आठवतो. श्रेय कोणाचे, हा वाद त्यातूनच उभा राहतो. तो सोडवता येण्याजोगा नाही, कारण सोंगाड्याने संहितेबाहेर जाणे हा बतावणीचा आणि वगाचा मूळ धर्मच आहे.

आक्षेप प्रामुख्याने द्व्यर्थी संवादांवर घेतला गेला. त्याचा प्रतिवाद असा की, गवळणीतील मावशी आणि पेंद्या यांची भाषा तमाशात पूर्वीपासूनच मोकळी होती. शहरी नाट्यगृहात ती ऐकू आल्यावर मात्र ती खटकली. हा प्रतिवाद बऱ्याच अंशी खरा असला, तरी कोंडके यांच्या पुढील काही चित्रपटांचा बचाव त्याने होत नाही. तेथे सत्तेवरचा रोख सुटत गेला आणि केवळ शब्दांचा खेळ उरला. 'विच्छा'मध्ये मात्र अचकट विनोदालाही नेमणुका, वशिला आणि राजाचा आळस यांचा आधार आहे.

एखाद्या संगीतप्रकाराचेच रूप घेऊन त्याची खिल्ली उडवण्याची रीत इतरत्रही आढळते. रॉब रायनर दिग्दर्शित 'धिस इज स्पायनल टॅप' (1984) या अमेरिकी चित्रपटात एका काल्पनिक रॉक वाद्यवृंदाचा खोटा माहितीपट रचला असून त्यातील बरेचसे संवाद नटांनी उत्स्फूर्तपणे बोललेले आहेत. थट्टेचा विषय असलेल्या कलेवर कर्त्यांचे प्रेम असणे आणि संहितेपेक्षा नटाच्या हजरजबाबीपणाला महत्त्व असणे, एवढ्यापुरते दोहोंत साम्य आहे.

वारसा

आशा भोसले यांनी प्रयोग पाहून भालजी पेंढारकर यांच्याकडे कोंडके यांची शिफारस केली. 'तांबडी माती' (1969) हा त्यांचा पहिला चित्रपट त्यातूनच घडला. दोन वर्षांनी आलेल्या 'सोंगाड्या'चे लेखनही सबनिसांचेच होते. त्याच्या नायकाला तमाशाचे वेड लागते. उषा बॅनर्जी यांनी केलेले हिंदी रूपांतर 'सैंया भये कोतवाल' या नावाने महाराष्ट्राबाहेरही रुळले. मराठीत पुढे विजय कदम यांनी हवालदाराची भूमिका गाजवली.

ज्या प्रकाराचे रूप या लोकनाट्याने घेतले, त्या प्रकाराला त्याच्या यशातून काय मिळाले, हा प्रश्न अधिक अवघड आहे. नाट्यगृहात तिकीट काढून लोकनाट्य पाहणारा पांढरपेशा प्रेक्षक तयार झाला. तो यात्रेतल्या कनातीपर्यंत मात्र क्वचितच पोहोचला. पूर्ण वेळ तमाशावर जगणारे फड पूर्वीप्रमाणेच यात्रा-जत्रांच्या सुपाऱ्यांवर अवलंबून राहिले. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे राहुट्या टाकून फडमालक गावकऱ्यांशी करार करतात, त्या व्यवहारात नाट्यगृहाला स्थान नाही.

या फडांसाठी लिहिणारे लेखकही वेगळे होते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावचे बशीर मोमीन कवठेकर (1947–2021) हे त्यांपैकी एक. त्यांनी रघुवीर खेडकर, मंगला बनसोडे यांच्यासह अनेक फडांसाठी गण, गवळणी, लावण्या आणि वग लिहिले. बदललेल्या काळावर आणि हुंडा, दारू यांसारख्या विषयांवर विनोदी ढंगाने बोट ठेवले. 'विच्छा'चे नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात ठळकपणे नोंदवले जाते. फडांसाठी लिहिलेले वग मात्र बहुधा त्या त्या फडाच्या वह्यांत आणि कलावंतांच्या तोंडी राहतात आणि फड मोडला की तेही विरतात. मोमीन यांना राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला तो 2018 साली, अर्धशतकाच्या लेखनानंतर.