काचेवरच्या चित्रांपासून आपल्या स्लाइड-शोपर्यंत

रौप्यमहोत्सवाच्या दिवशी संस्थेच्या पंचवीस वर्षांचे फोटो पडद्यावर दाखवायचे असे कार्यकारिणीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असा सर्वांचा समज आहे. स्मरणिका समितीच्या मुलांनी वर आणखी सांगितले, "काका, कोणतं सॉफ्टवेअर घेतलं, का घेतलं, तेवढं दोन पानं लिहून द्या." लिहायला घेतले तेव्हा वाटले, सॉफ्टवेअरचे नाव सांगायला एक ओळ पुरे. पण चित्रामागून चित्र दाखवून गोष्ट सांगणे हा प्रकार आपल्याकडे संगणकाच्या फार आधीपासून आहे, आणि तो कळला की निवडही नीट करता येते. म्हणून थोडे मागून सुरू करतो.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी करतात. चित्रांची पोथी असते, एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरायचे आणि वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातला प्रसंग सांगायचा. याच जातीची जुनी चित्रे 'पैठण शैली'ची म्हणून ओळखली जातात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आहेत. म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या गावाचे नाव या कलेला लागलेले आहे. चित्रकथीत चित्र किती वेळ धरायचे हे सांगणारा ठरवतो. समोर बसलेल्यांचे पाहून झाले की मगच पान उलटते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

काचेवर चित्र काढून, मागे दिवा ठेवून ते भिंतीवर मोठे पाडण्याची युक्ती युरोपातली. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने सन १६५९ च्या सुमारास असा जादूचा कंदील केला. महाराष्ट्रात त्याला आपले रूप दिले ते कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी, १८९२ मध्ये. नाव ठेवले 'शांबरिक खरोलिका'. शंबरासुर हा मायावी राक्षस, त्याची ती शांबरी विद्या, म्हणून शांबरिक. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण प्रकार मोठा नामी होता. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पुराणातली चित्रे, एकापेक्षा जास्त कंदील आणि जोडीला निवेदन व संगीत. पट्ट्या अशा सरकवायच्या की पडद्यावरची माणसे हालल्याचा भास व्हावा. पटवर्धनांच्या मुलांनी हे खेळ पुढे चालवले. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला तो ७ जुलै १८९६ रोजी, आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांसमोर आला ३ मे १९१३ ला. म्हणजे सिनेमाच्या आधी मराठी माणसाने पडद्यावर स्लाइड-शो पाहिलेला होता! हे आमच्या नातवंडांना खरे वाटत नाही.

सिनेमा आला तरी काचेची स्लाइड गेली नाही. जत्रेतल्या तंबूत पिक्चर सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात हाताने लिहिलेल्या काचा दाखवत. 'शांतता राखा', 'धूम्रपान करू नये', गावातल्या कापड दुकानाची जाहिरात. माझ्या वयाच्या मंडळींना ते वेडेवाकडे अक्षर आठवत असेल. पुढे फिल्मच्या छोट्या स्लाइडी आणि गोल चकतीचे प्रोजेक्टर आले, पण ती चैन शहरातल्या कॉलेजांची आणि कंपन्यांची. आपल्याकडे फोटो धुवायला भोकरदन नाही तर जालना गाठावे लागे, तिथे स्लाइडी कोण काढणार?

बँकांत संगणक येऊ लागले ते रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर. आधी लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, नंतर पूर्ण शाखा संगणकावर गेल्या. घरी संगणक आला तो बहुतेकांकडे २००० नंतर, मुलांच्या एमएस-सीआयटीच्या निमित्ताने. त्याच सुमारास, म्हणजे २००० साली, विंडोजसोबत 'मूव्ही मेकर' फुकट मिळू लागले. फोटो ओढून आणायचे, खाली गाणे टाकायचे, झाला पिक्चर. मग 'फोटो स्टोरी' आले, त्यात फोटो हळूहळू जवळ येई किंवा सरकत जाई. 'पिकासा' गूगलने २००४ मध्ये विकत घेऊन फुकट वाटले. आणि लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओवाले वापरत ते 'प्रोशो'. बदामाच्या आकारातून नवरा-नवरी बाहेर येतात आणि फुलांच्या पाकळ्या पडतात, ते सगळे बहुधा त्याचेच.

आज यातले काय शिल्लक आहे पाहा. पिकासा २०१६ मध्ये बंद झाले. जुन्या मूव्ही मेकरचा आधार जानेवारी २०१७ मध्ये काढून घेतला गेला. प्रोशो करणारी फोटोडेक्स कंपनी २०२० च्या सुरुवातीला मिटली. काचेच्या पट्ट्या शंभर वर्षे टिकल्या, आणि ही सॉफ्टवेअरे वीस वर्षेही नाहीत.

याची झळ आपल्यालाही लागलेली आहे. संस्थेच्या भूमिपूजनाचे आणि पहिल्या गणेशोत्सवाचे फोटो एका सभासदाच्या मुलाने त्या काळी मोठ्या हौसेने स्लाइड-शो करून सीडीवर घातले होते. ती व्हीसीडी सापडली. मूळ फोटोंचा संगणक मात्र केव्हाच भंगारात गेला. प्रोजेक्टची फाईलही त्या सीडीवर होती, पण ती असून नसल्यासारखी. कारण अशा फाईलमध्ये फोटो नसतातच, फोटो कुठे ठेवले आहेत त्याचा फक्त पत्ता असतो. पासबुक हातात आहे आणि शाखाच उठून गेली, तसे. आता सीडीची खाच असलेला लॅपटॉपही मिळेना. शेवटी एका घरच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर ती चालली.

पण चित्र पाहून सगळे गप्प झाले. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते, म्हणजे सगळे मिळून सुमारे एक लाख. आजच्या साध्या फुल एचडी टीव्हीवर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. एक लाखाचे वीस लाख कुठून करणार? आपले पहिले अध्यक्ष कुदळ हातात घेऊन उभे आहेत एवढे कळते, चेहरा नुसता डाग दिसतो. त्यांना जाऊन आता बारा वर्षे झाली. वहिनी टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसल्या, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "उभं राहायची ढब त्यांचीच आहे." पुढे काही बोलल्या नाहीत.

त्या दिवसानंतर सॉफ्टवेअरचा विषय बाजूला ठेवून आम्ही घरोघर निगेटिव्ह मागत फिरलो. बिस्किटाच्या डब्यांतून, गाद्यांखालून, देवघराच्या फडताळातून पाकिटे निघाली. भूमिपूजनाच्या पट्टीतल्या सहा निगेटिव्ह एका ताईंच्या माहेरच्या पेटीत सापडल्या. त्या जालन्याहून स्कॅन करून आणल्या. अध्यक्षांच्या शर्टाच्या खिशातले पेनसुद्धा आता दिसते.

मग राहिली निवड. तरुण मंडळींनी मोबाईलवरची आणि इंटरनेटवर चालणारी बरीच साधने दाखवली. दिसायला झकपक आहेत, नाही म्हणत नाही. पण काही फुकटच्या साधनांत चित्रावर त्यांचा शिक्का उमटतो, आणि आपल्याकडे लाइट गेली की नेटही जाते. एक विकतचे सॉफ्टवेअर आणून पाहिले, त्यात मराठी जोडाक्षरे फुटत होती. 'अध्यक्ष' मधला क्ष वेगळा, पाय मोडलेला क वेगळा. पूर्वी मराठीसाठी प्रत्येकाचा फॉन्ट निराळा असे आणि दुसऱ्या संगणकावर मजकुराचा चिवडा होई. युनिकोडने तो त्रास पुष्कळ कमी केला, पण प्रत्येक सॉफ्टवेअरला ते नीट जमतेच असे नाही. म्हणून माझा नियम सोपा होता. आधी 'श्री ज्ञानेश्वर कृष्णराव' एवढे टाइप करून पाहायचे. ज्याला हे जमत नाही त्याचे पुढचे गुण ऐकायचेच नाहीत.

शेवटी निवडले ते पॉवरपॉइंट. १९८७ पासून चालत आलेले, बँकेच्या ट्रेनिंगपासून माझ्या ओळखीचे. त्यात 'फोटो अल्बम' म्हणून सोय आहे, सगळे फोटो एकदम निवडले की प्रत्येकाची एक स्लाइड आपोआप तयार होते. मराठी बरोबर उमटते, नेट लागत नाही, आणि काम झाले की एमपी४ व्हिडिओ काढता येतो. ही शेवटची गोष्ट माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची. उद्या पॉवरपॉइंटही बंद पडेल, पण एमपी४ चालवायला पॉवरपॉइंट लागत नाही. मुले म्हणाली, "काका, यात इफेक्ट कमी आहेत." म्हटले, बरे आहे.

वेळेवरून मात्र वाद झाला. एकूण फोटो २१२. मुलांचे म्हणणे तीन सेकंदांत पुढचा फोटो यावा. आमच्यासारख्यांना चष्मा सावरून चेहरा ओळखायलाच चार लागतात. इथे मी चित्रकथीचा दाखला दिला आणि सहा सेकंदांवर मांडवली झाली. २१ मिनिटे १२ सेकंदांचा खेळ तयार झाला. आणखी एक, 'पडदा भरून दाखवा' हा पर्याय आम्ही घेतला नाही. जुना फोटो टीव्हीच्या रुंद पडद्यावर भरायला गेले की वरचा-खालचा भाग कापला जातो. गणपतीच्या समूहचित्रात मागच्या रांगेतल्या चौघांची डोकी उडत होती. बाजूला काळी पट्टी दिसली तरी चालेल, सभासदांची डोकी शाबूत हवीत.

आता प्रतींबद्दल. शेजारच्या सोयगाव तालुक्यात अजिंठ्याची लेणी आहेत. रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तिथे राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या नकला रंगवल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. बँकेत आम्ही रोजच्या हिशेबाची टेप दुसऱ्या इमारतीत ठेवत असू ते याच कारणाने.

म्हणून मूळ फोटो आणि व्हिडिओ तीन ठिकाणी ठेवले आहेत. एक हार्ड डिस्क कार्यालयाच्या कपाटात, दुसरी छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या एका सभासदाकडे आणि तिसरी प्रत नेटवर. दरवर्षी वार्षिक सभेआधी तिन्ही उघडून पाहायच्या, असा ठरावही झाला आहे.

एक काम मात्र अर्धे राहिले. ४३ नंबरच्या फोटोत विहिरीच्या कठड्यावर बसलेले दोन मजूर आणि एक लहान मुलगी आहे. आपल्या पहिल्या इमारतीचा पाया खणणारी ती माणसे. त्यांची नावे कोणालाच सांगता आली नाहीत, म्हणून खालची ओळ कोरी आहे. कार्यक्रमाच्या दिवशी कोणी ओळखले तर लगेच सचिवांना सांगावे, फाईल उघडीच ठेवली आहे.