व्यत्ययाचं कूळ

बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर वजनकाटा आहे. ट्रक काट्यावर चढला की शेजारच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर वजन उमटतं आणि पावती निघते. काट्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालणारं. काट्याची वायर ज्या सिरियल कार्डात जाते, तेही त्याच काळातलं. जुना कॉम्प्युटर बंद पडल्यावर आम्ही नव्या मशीनवर लिनक्स टाकलं, त्याच्या पोटात केव्हीएमचं व्हर्च्युअल मशीन उभं केलं, एक्सपी त्यात बसवली आणि ते कार्ड पासथ्रू करून थेट तिच्या हवाली केलं. पहिला ट्रक चढला, वजन उमटलं, आणि दुसऱ्याच क्षणी मूळ मशीनचा माउस-कीबोर्ड मेला. लॉगमधल्या ओळीचा अर्थ होता: सोळा नंबरच्या इंटरप्टची कुणीच दखल घेतलेली नाही.

सुपरवायझरनं विचारलं, इंटरप्ट म्हणजे काय? मी म्हटलं, व्यत्यय. तो म्हणाला, "सर, मग तो बंदच करून टाका ना." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मराठीत व्यत्यय म्हणजे नको असलेली गोष्ट. पण हा इंटरप्ट म्हणजे कार्डानं प्रोसेसरला मारलेली हाक; ती बंद केली तर काटाच मुका होतो. चूक माझ्या शब्दात होती, आणि त्या शब्दाच्या मागे मी लागलो ते त्या दिवसापासून.

इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ मधेच तोडणे. मराठी शब्दाचं मूळ तसं नाही. वि, अति आणि जाणे या अर्थाचा 'इ' धातू मिळून व्यत्यय होतो. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ अदलाबदल, क्रमाची उलटापालट. पाणिनीनं वेदांच्या भाषेतल्या अशाच अदलाबदलीसाठी सूत्रात हा शब्द वापरला. तिथे अडथळ्याचा काही संबंध नाही. काही जण म्हणतील की प्रतिकूलता हा अर्थही संस्कृतात होताच, मराठीनं तोच उचलला. मला ते पटत नाही. माझ्या मते वाट अशी: क्रम उलटला, म्हणजे ठरलेलं बिघडलं, म्हणजे अडचण आली. अडथळा हा अर्थ शेवटच्या पायरीवरचा आहे.

याच धातूची दुसरी लेक म्हणजे अत्यय, आणि तिच्यापासून झालेलं आत्ययिक. आयुर्वेदात तातडीच्या उपचाराला आजही आत्ययिक चिकित्सा म्हणतात. पण मला हरखून टाकलं ते कौटिल्यानं. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०५ मध्ये उजेडात आणलेल्या आणि १९०९ मध्ये छापलेल्या अर्थशास्त्रात राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडले आहेत. एका भागात जमाखर्च, एकात प्रजेची गाऱ्हाणी, एकात स्नान-भोजन. आणि त्याच अध्यायात बजावलं आहे की आत्ययिक काम मात्र ताबडतोब ऐकावं, पुढे ढकलू नये; ढकललेलं काम अवघड होतं, किंवा अशक्यही.

हे वाचताना मला सिरियल कार्ड दिसत होतं. ९६०० बॉड या वेगानं सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं येतात. कार्डावरच्या १६५५० जातीच्या चिपची साठवण सोळा अक्षरांची, म्हणजे जेमतेम सतरा मिलिसेकंदांत ती भरते. तेवढ्यात प्रोसेसर आला नाही तर अक्षरं हरवतात आणि वजन चुकतं. अवघडही आणि अशक्यही, सतरा मिलिसेकंदांत.

आठ भागांचा दिनक्रम ही आपल्याकडची शेजपाळीच. १८८५ पासून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती-इंदापुरात शेजारामागून शेजार असं पाळीनं मिळतं. कॉम्प्युटरवाले अशा पाळीला पोलिंग म्हणतात: प्रोसेसर एकेका यंत्राच्या दारात जाऊन काही आहे का विचारतो. आत्ययिक म्हणजे पाळी मोडून मारलेली हाक. म्हणून माझं म्हणणं असं आहे की कार्ड जी हाक देतं ती आत्ययिक, आणि ती ऐकून प्रोसेसर जे करतो तो व्यत्यय, जुन्या अर्थानं, अदलाबदल.

याला यंत्रांच्या इतिहासातही आधार सापडतो. बाहेरच्या यंत्राचा पहिला इंटरप्ट कुणाचा, यावर वाद आहे. बरेच लेखक युनिव्हॅक ११०३ या यंत्राला मान देतात; 'नाका' (NACA) या अमेरिकी विमानविद्या संस्थेच्या क्लीव्हलँडमधल्या प्रयोगशाळेत, वाऱ्याच्या बोगद्यातली मोजमापं आली की ते हातचं काम सोडून तिकडे वळे. पण त्याआधी १९५४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं लष्करासाठी ट्रेलरमध्ये बसणारा डायसेक बांधला होता. त्यात पुढची आज्ञा कुठली हे सांगणारे प्रोग्रॅम काउंटर दोन होते, आणि बाहेरून संकेत आला की प्रोसेसर एकावरून दुसऱ्यावर जाई. चालू कामाची तोडमोड नाही, फक्त काउंटरांची अदलाबदल. पाणिनीला हा इंटरप्ट दाखवला असता तर त्यानं त्याला व्यत्ययच म्हटलं असतं, याबद्दल मला शंका नाही. माझं मत डायसेकला.

पुढचा प्रवास थोडक्यात असा. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रानं १९५९ च्या प्रबंधात इंटरप्टला शिस्त लावली, १९६७ मध्ये आयबीएमच्या सीपी-४० नं एका यंत्रात अनेक यंत्रं नांदवली, १९८१ च्या पीसीत आठ इंटरप्ट लाइनी आल्या.

आमचं दुखणं पीसीआयच्या, म्हणजे कार्डं जोडण्याच्या व्यवस्थेच्या, चार इंटरप्ट लाइनींचं होतं. एका लाइनीवर अनेक कार्डं असतात, आणि दखल घेतली जाईपर्यंत कार्ड लाइन ओढून धरतं. कार्डाची मालकी आतल्या एक्सपीकडे, लाइन मात्र बाहेरच्या लिनक्सकडे. म्हणून लिनक्स कार्डाचं तोंड तात्पुरतं मिटतो, आत निरोप देतो, आतलं काम झालं की तोंड उघडतो. त्यासाठी २००२ च्या पीसीआय २.३ मध्ये एक बिट ठरवून दिला. आमचं कार्ड तो बिट असल्याचं सांगत होतं, पाळत नव्हतं. हाक चालूच राहिली. एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले की लिनक्स ती लाइनच बंद करतो. तिच्यावरचा यूएसबीही मग मरतो. माउस-कीबोर्ड असे गेले होते.

मी पासथ्रू सांभाळणाऱ्या व्हीएफआयओ ड्रायव्हरला सांगितलं, बिटावर विसंबू नको. मग त्यानं अख्खी लाइन एकट्यासाठी मागितली आणि यूएसबीनं ती सोडली नाही. व्हर्च्युअल मशीन सुरूच होईना. नवी कार्डं ही लाइन वापरतच नाहीत, ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहून ठेवतात. आमच्या कार्डाला ते येत नव्हतं.

तोडगा शेवटी व्यत्ययातच सापडला. बहुतेक कार्डं पहिलीच पिन वापरतात, म्हणून सगळ्यांची गर्दी एका लाइनीवर होऊ नये यासाठी पीसीआय ब्रिज दर स्लॉटला पिनांचा क्रम एकेक घर सरकवतो: पिनेत स्लॉटचा क्रमांक मिळवायचा, चारनं भागायचं, बाकी ती लाइन. क्रमाची अदलाबदल, शब्दशः. मी मशीन बंद केलं, कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये खोचलं आणि चालू केलं. कार्ड सतरा नंबरच्या लाइनीवर आलं, तिथे एकटंच.

लोखंडानं भरलेला ट्रक काट्यावर उभा होता. वजन उमटलं, पावती निघाली, माउस हलत राहिला. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी मार्करनं लिहून ठेवलं: दुसरा स्लॉट, लाइन १७, कार्ड हलवू नये.