दोन दिवसांच्या मजुरीचा गणपती

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे कळल्यावर आमच्या गुहागरच्या काकांना कोण आनंद झाला! "बघ, आपला कोकणी माणूस कुठेही गेला तरी गणपती सोडत नाही," फोनवर म्हणाले. खोटं नाही ते. पण मॉरिशसमध्ये कात्र बोर्नला राहायला आल्यापासून ही गोष्ट इतकी सोपी वाटत नाही मला.

इथे गिरमिटिया मजूर आणायला १८३४ मध्ये सुरुवात झाली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजं निघत, आणि त्यांत रत्नागिरीकडची माणसं असत. करार पाच वर्षांचा. सुरुवातीच्या काळात पुरुषाला महिना ५ रुपये आणि शिधा. पोर्ट लुईला उतरलं की प्रत्येकाला नंबर मिळे. मळ्यावर 'डबल कट' नावाची रीत होती: एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची.

आता कोकणातला भाद्रपद आठवा. लावणी झालेली, बेणणी उरकलेली, भात अजून कापायचं आहे. हाताला जरा सवड. गणपती नेमका त्या सवडीत येतो. आणि इथे? ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे हिवाळ्याची अखेर. कोकणासारखा पाऊस नाही, तेरडा नाही, आणि ऊसतोड ऐन भरात, कारण ती जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते. मळेवाल्याला जेव्हा एकही हात कमी नको असे, त्याच दिवसांत चवथ. पाटावर गणपती बसवायचा तर दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडायचं.

कास्कावेल भागात भिवाजी कुटुंबाने १८९६ साली या बेटावरचा पहिला गणपती बसवला, असं इथे सांगतात. (पहिला म्हणजे लक्षात राहिलेला पहिला, असा माझा संशय.) भिवाजी हे आडनाव नव्हे, हे कोणताही कोकणी माणूस सांगेल; सरकारी नोंदवहीत लिहिलेली बापजाद्यांची नावंच इथे पुढे आडनावं झाली. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव गाजू लागला तो १८९३ नंतर. इथे आलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याच्या कितीतरी आधी देश सोडला होता. मंडप, मंडळ, वर्गणी यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्याबरोबर आला तो घरचा गणपती, आणि जाखडी नाच. त्याला इथे झाकरी म्हणतात.

आमच्या शेजारच्या आजी आरती मराठीत म्हणतात आणि ती संपली की मोदक कसे उकडायचे ते सुनेला क्रिओलमध्ये सांगतात. मी मुंबईहून मोदकाचा साचा आणला आहे. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. मोदकाच्या कळ्या त्या हातानेच पाडतात. माझ्यापेक्षा बऱ्या, हे सांगायला नकोच.

गेल्या चवथीला त्यांना मी आमच्याकडच्या चाकरमान्यांच्या गमती सांगत होते. साहेबाने रजा नाकारली तर पठ्ठे नोकरी सोडून गावची गाडी पकडतात, वगैरे. आजी आधी खूप हसल्या. मग मोडक्या मराठीत म्हणाल्या, "इथे काम सोडला तर जेल."

त्यात अतिशयोक्ती नव्हती. करार मोडणं हा इथे गुन्हाच होता. १८६७ च्या कायद्याने तर करार पुरा केलेल्यांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे, आणि तो नसला तर भटके ठरवून पकडत.