पाकिटावरचा लाल ठसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जळगावच्या नवी पेठेतल्या एखाद्या बँकेतून किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या विमा कचेरीतून येणाऱ्या पाकिटावर वर्षानुवर्षे तिकीट नसायचे. उजव्या कोपऱ्यात लाल शाईचा एक ठसा असायचा. त्यात रक्कम, तारीख, टपाल कार्यालयाचे नाव आणि यंत्राचा क्रमांक. तो आपण कधी निरखून पाहिला नाही. तिकिटे जमवणाऱ्या मुलांनाही त्याचे कौतुक नव्हते, कारण पाण्यात भिजवून सोडवून घ्यावे असे त्यात काहीच नव्हते. त्या ठशामागे मात्र एक अवघड प्रश्न दडलेला आहे. सरकारजमा झालेल्या पैशाची खूण सरकारबाहेरच्या माणसाला त्याच्याच कचेरीत छापू द्यायची, तर ती खरी की खोटी हे ओळखायचे कसे?

प्रश्न तिकिटाइतकाच जुना आहे. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये पहिले टपाल तिकीट निघाले. ते काळ्या रंगाचे होते आणि त्यावर मारायचा शिक्का तांबड्या शाईचा. लोक इतके हुशार निघाले, की ती तांबडी शाई पुसून तेच तिकीट पुन्हा चिकटवू लागले. वर्षभरात, १८४१ मध्ये, टपाल खात्याने उलटापालट केली. तिकीट तांबडे झाले आणि शिक्का काळा. म्हणजे चोरीच्या वाटा अगदी पहिल्या वर्षापासून दोनच होत्या. खोटे तिकीट छापायचे, नाहीतर खरे तिकीट दोनदा वापरायचे. पुढच्या सगळ्या हकिकतीत या दोन वाटा लक्षात ठेवाव्यात.

कागदाची राखण करण्याच्या युक्त्या आपल्याकडेही होत्याच. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि लगेच जानेवारी १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा संस्थांतले मराठेशाहीचे मोडी कागद पाहिले, तर पत्राच्या शेवटी मोर्तबाचा छोटा शिक्का दिसतो. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही वाढवू नये, असा त्याचा अर्थ. कागदाचे बंद एकमेकांना चिकटवले असतील, तर जोडावरही शिक्का उमटवत. मधला बंद काढून दुसरा घातला, की शिक्का जुळत नसे.

आता लाल ठशाकडे वळू. अमेरिकेत आर्थर पिटनी यांचे यंत्र आणि वॉल्टर बोझ यांचा व्यवसाय एकत्र आला आणि १९२० मध्ये तिथल्या टपाल खात्याने या फ्रँकिंग यंत्राला मान्यता दिली. यंत्राच्या पोटात दोन आकडे असत. एक वाढता, म्हणजे आजवर किती रकमेचे ठसे मारले. दुसरा उतरता, म्हणजे आगाऊ भरलेल्या पैशांतले किती उरले. दोहोंची बेरीज पुढचा भरणा होईपर्यंत बदलता कामा नये. आपल्याकडे कचेरीचा शिपाई हे जड यंत्र उचलून टपाल कार्यालयात नेई, तिथे पैसे भरून आकडा चढवून घेई आणि यंत्राला पुन्हा सील लागे. हिशेबनीसाच्या डोक्याने घडवलेली ही रचना मला फार आवडते. पण तिची सगळी भिस्त एका सीलवर आणि यंत्र तपासणाऱ्या कारकुनाच्या नजरेवर होती. सील उघडून आकडा मागे फिरवला, तर पाकिटावरच्या ठशात काहीच फरक दिसत नसे. आणि ठसाच हुबेहूब कोरून घेतला, तर यंत्राचीही गरज नव्हती.

छपाई अवघड आहे तोवर तिच्यावर विसंबता येते. महाराष्ट्राला याचा धडा टपालात मिळाला नाही, तो मुद्रांकात मिळाला. धुळ्याहून आग्रा रोडने मुंबईकडे निघाले, की नाशिक लागते. तिथे नाशिकरोडला १९२५ साली सरकारी प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले आणि पूर्वी लंडनहून छापून येणारी तिकिटे इथे छापली जाऊ लागली. स्टँप पेपरही तिथलेच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याने नव्वदच्या दशकात बनावट मुद्रांकांचा धंदा उभारला. नाशिकच्या छापखान्यातून मोडीत निघालेली यंत्रसामग्री त्याने मिळवल्याचे तपासात पुढे आले. २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली, पुढे शिक्षा झाल्या आणि २०१७ मध्ये शिक्षा भोगत असतानाच तो बंगळूरच्या रुग्णालयात वारला. घोटाळ्याच्या रकमेचे आकडे इतके वेगवेगळे सांगितले गेले, की त्यांत शिरण्यात अर्थ नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. पूर्ण पैसे मोजून स्टँप पेपर घेणाऱ्या माणसाला आपल्या हातातला कागद खोटा आहे हे कळायचा काही मार्गच नव्हता. कागद चांगला, छपाई चांगली, जलचिन्हही दिसायचे.

तिकडे अमेरिकेत याच सुमारास घरोघरी संगणक आणि छपाईयंत्रे आली होती. चांगल्या छापखान्याचे काम टेबलावर होऊ लागले. मग कागद आणि शाई यांचा भरवसा कसला? १९९३ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील डग टायगर आणि बेनेट यी या संशोधकांनी एक वेगळाच मार्ग सुचवला. ठसा नक्कल करायला अवघड असायची गरजच नाही, कोणत्याही साध्या यंत्रावर छापा. फक्त त्यातला मजकूर असा असावा, की दुसऱ्या कोणाला तो तयार करता येऊ नये.

हे घडते गुप्तलेखनाच्या गणिताने. यंत्रात एक गुप्त किल्ली सीलबंद असते. रक्कम, तारीख, यंत्राचा क्रमांक आणि ते जुनेच वाढते-उतरते आकडे यांवर ती किल्ली चालवून एक सही तयार होते. सगळे मिळून ठिपक्यांच्या चौकोनात छापले जाते. टपाल खात्याकडे दुसरी, फक्त तपासणारी किल्ली असते. तिच्याने सही पडताळता येते, करता येत नाही. रकमेतला एक आकडा बदला, सही जुळायची नाही. पहिली चोरवाट अशी बंद झाली.

दुसरीचे काय? खरा चौकोन जसाच्या तसा दहा पाकिटांवर छापला, तर दहाही सह्या खऱ्याच ठरतील! इथे जळगावच्या जुन्या आडत्याला उत्तर लगेच सुचले असते, कारण ते हुंडीत आहे. हुंडीत रक्कम लिहून तिची निम्मी रक्कमही लिहीत, म्हणजे आकड्यात खाडाखोड चालत नसे. शिवाय ती कोणावर लिहिली, कोणाला आणि कधी द्यायची हेही तिच्यातच असे. संगणकावरून छापायच्या टपाल ठशातही नेमके हेच केले गेले, ज्याला पत्र जायचे त्याचा पत्ता त्या चौकोनात गुंफला. नक्कल करायची तर खुशाल करा, ती त्याच तारखेला त्याच पत्त्यावर जाणाऱ्या पाकिटालाच उपयोगी. एका माणसाला एकाच दिवशी दहा पत्रे कोण पाठवतो? ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने अशी सेवा देणाऱ्या दोन कंपन्यांना परवानगी दिली. आपल्या टपाल खात्यानेही पुढे यांत्रिक यंत्रे मागे टाकून दुरून भरणा होणारी, बारकोड छापणारी यंत्रे घेतली.

मुद्रांकाच्या बाबतीत महाराष्ट्राने वेगळी वाट धरली, आणि मला ती अधिक सरळ वाटते. आज चोपड्यात किंवा शिरपुरात खरेदीखत नोंदवायचे, तर मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरून चलनाचा क्रमांक मिळतो. छापलेल्या चलनाला स्वतःची किंमत काहीच नाही. दुय्यम निबंधक तो क्रमांक संगणकात 'डिफेस' करतो, म्हणजे तो वापरला गेला अशी नोंद करतो, आणि मग त्याच्या हजार प्रती काढल्या तरी त्या निकामी. १८४१ चा काळा शिक्काच हा, फक्त कागदाऐवजी नोंदीवर मारलेला.

याची किंमतही आहे. चिकटवायचे तिकीट मुके असते, ते कोणी विकत घेतले हे सांगत नाही. जेलमधून असो की घरातून, निनावी पत्र टाकणाऱ्याला ते बरे पडे. नवा चौकोन यंत्राचा क्रमांक, म्हणजे पर्यायाने पाठवणाऱ्याचे खाते सांगतो, आणि संगणकावरून छापला असेल तर पत्र कोणाला गेले हेही. शिवाय खातरजमा आता डोळ्यांनी होत नाही. मोर्तब पाहून पत्र पुरे झाले की नाही हे वाचणारा स्वतः ठरवी. आता ते ठरवायला यंत्र लागते आणि त्यामागची नोंद शाबूत असावी लागते. १९९९ च्या त्या दोन कंपन्यांपैकी ई-स्टँप ही कंपनी वर्ष-दीड वर्षातच या धंद्यातून बाहेर पडली. तिचे ठसे असलेली पाकिटे कोणाच्या तरी कपाटात आजही असतील. धुळ्यातल्या दप्तरांत तीनशे वर्षांपूर्वीचा मोर्तब मोडी जाणणाऱ्याला अजून वाचता येतो. या पाकिटांवरचे ठिपके खरे की खोटे हे ठरवायला मात्र तेव्हाची तपासणारी किल्ली कोणीतरी जपून ठेवलेली असावी लागेल.