पाळणाघराच्या आधीचा आठवडा

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि आकुर्डी, भोसरी करत कारखाने चाकणपर्यंत पसरले. या पट्ट्याचा इतिहास यंत्रांचा आणि पगाराचा लिहिला जातो. कामावर निघालेल्या आईने मूल कुणाच्या हाती दिलं, हे त्यात येत नाही. कायद्याने ते पाहिलं होतं, पण अर्धंच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५० हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये ही अट ३० वर आली. खोली, उजेड, स्वच्छता, प्रशिक्षित बाई, सगळं त्यात होतं. मूल त्या बाईपाशी आधी रुळलं पाहिजे, हे मात्र कुठेच नव्हतं.

ही जाण महाराष्ट्रात नव्हती असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालशिक्षणाचं काम केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, कारण धाकट्याला कडेवर घेतलेली मुलगी त्याला टाकून शाळेत येणार कशी? त्या रचनेत धाकट्याला नवी बाई भेटली ती ताई जवळ असताना. माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे: पाळणाघरातही पहिला आठवडा आईने मुलाशेजारी बसावं.

यावर म्हटलं जातं, दोन दिवस रडेल, मग आपोआप राहील. १९५२ साली संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनच्या रुग्णालयातल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. आईविना राहिलेलं लेकरू शांत दिसतं तेव्हाही आतून सावरलेलं नसतं, हे त्यातून दिसलं. रुग्णालय म्हणजे पाळणाघर नव्हे, हे खरं. पण गप्प झालेल्या मुलाला रुळलेलं समजण्याची चूक दोन्हीकडे होते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पाळीवर जाणाऱ्या बाईला पाळणाघरात बसून राहायला वेळ कुठला? म्हणूनच हा भार तिच्या एकटीवर टाकता येत नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं, त्यात पुरुषही मोजले गेले, आणि आईला दिवसातून चार भेटींचा हक्क दिला. पहिल्या आठवड्यात आईने मुलाशेजारी बसायचे तास, पगार न कापता, पाळणाघराच्या नियमांतच घालावेत.